वाचत बसण्याचे आंदोलन

९ ऑक्टोबर २००९, शुक्रवार. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात, क्रोबर हॉल नावाच्या इमारतीतले मानवशास्त्राचे ग्रंथालय त्या संध्याकाळी पाचला बंद व्हायचे होते. दुसऱ्या दिवशी ते उघडणार नव्हते, कारण त्या सत्रापासून पैसे वाचवण्यासाठी बहुतेक विषयवार ग्रंथालयांना शनिवारी कुलूप लागू लागले होते. पाच वाजले, पण आतले वाचक जागचे हलले नाहीत. उलट बाहेरून आणखी आले. सोबत पुस्तके होती, लॅपटॉप होते, काही प्राध्यापकही होते. ती रात्र आणि पुढचा शनिवार त्यांनी तिथेच वाचत, बोलत, डुलक्या काढत घालवला आणि चोवीस तास भरल्यावर मंडळी उठून घरी गेली.

ग्रंथालय वाचवायला ग्रंथालयातच वाचत बसायचे, ही कल्पना इतकी साधी होती की तिच्यावर कारवाई तरी कशी करायची, हा प्रशासनापुढे पेच होता. नियम मोडला होता तो एकच, वेळ संपल्यावर वाचण्याचा. त्यासाठी पोलीस बोलावून विद्यार्थ्यांना फरपटत बाहेर काढले असते, तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत विद्यापीठाचे हसे झाले असते. प्रशासनाने गप्प बसणे पसंत केले.

शनिवार हातचा गेला कसा, हे पाहायचे तर आधी राज्याच्या तिजोरीत डोकवावे लागते. २००८ च्या आर्थिक पडझडीत कॅलिफोर्नियाची तिजोरी इतकी खडखडीत झाली, की जुलै २००९ मध्ये राज्य सरकार घेणेकऱ्यांना रोख पैशांऐवजी चक्क वचनचिठ्ठ्या देऊ लागले. जगातल्या मोठमोठ्या अर्थव्यवस्थांत गणले जाणारे हे राज्य, गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर, आणि सरकारी बिलांवर ‘नंतर देऊ’! त्या दोन वर्षांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या राज्य अनुदानातून सुमारे ८१ कोटी डॉलर कापले गेले. विद्यापीठाचे अध्यक्ष मार्क युडॉफ यांनी जुलैतच बिनपगारी सक्तीच्या रजेची योजना मंजूर करून घेतली. ज्याचा पगार जास्त त्याची रजा जास्त, अशा हिशेबाने वर्षाला ११ ते २६ दिवस, म्हणजे पगारात चार ते दहा टक्के घट. वर प्राध्यापकांना बजावण्यात आले, की ही रजा शिकवण्याच्या दिवशी घ्यायची नाही. कपातीची झळ वर्गात दिसू द्यायची नाही, असा त्याचा अर्थ. प्राध्यापकांना पगारकपातीपेक्षा ही लपवाछपवी जास्त झोंबली.

अशा वेळी ग्रंथालयाचा नंबर पहिल्या रांगेत का लागतो, याचे कारण हिशेबात आहे. ग्रंथालयाच्या खर्चातला मोठा भाग आधीच बांधलेला असतो. कायम नोकरांचे पगार आणि नियतकालिकांचे करार यांना वर्षाच्या मधेच हात लावता येत नाही. करारांची गोष्ट तर वेगळीच. शास्त्रीय नियतकालिकांचे प्रकाशक काही मंदीत भाव उतरवत नाहीत. जून २०१० मध्ये, म्हणजे विद्यापीठ पै-पै मोजत असताना, ‘नेचर’च्या प्रकाशकांनी आपल्या नियतकालिकांचा दर ४०० टक्क्यांनी वाढवायला काढल्याचे सांगून विद्यापीठाच्या ग्रंथपालांनी जाहीर पत्र लिहिले आणि बहिष्काराची भाषा केली. पुढे २०१९ मध्ये एल्सव्हियर या बड्या प्रकाशकाशी विद्यापीठाने सरळ काडीमोड घेतला. त्यांच्याशी असलेला करार वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर जात होता. दोन वर्षांनी नव्या अटींवर पुन्हा जुळले. एवढे सगळे बांधलेले असल्यावर चटकन कापता येण्यासारखे उरते काय? टेबलापाशी बसून पुस्तके देणारे-घेणारे अर्धवेळ विद्यार्थी, संध्याकाळची पाळी आणि शनिवार-रविवार. आठवडाभर कामावर जाऊन शिकणाऱ्याला वाचायला मिळतो तो नेमका हाच वेळ.

बर्कलीत हे घडावे याला एक खोच होती. १९६० साली याच राज्याने उच्च शिक्षणाचा ‘मास्टर प्लॅन’ केला. त्याचा शिल्पकार क्लार्क केर हा आधी बर्कलीचा चान्सलर, म्हणजे आपल्या भाषेत कुलगुरू, आणि नंतर सबंध कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अध्यक्ष. शाळेतून उत्तीर्ण होणाऱ्यांतल्या वरच्या साडेबारा टक्क्यांना विद्यापीठात जागा, वरच्या एक-तृतीयांशांना राज्य महाविद्यालयांत, आणि उरलेल्या सर्वांना दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांत. राज्यातल्या रहिवाशाकडून शिकवण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, हे या योजनेचे मूळ तत्त्व. जगभरातून लोक ही व्यवस्था पाहायला येत.

या घरात पहिली कुरबूर झाली ती पैशांवरून नव्हे. १९६४ च्या शरद ऋतूत आवारात राजकीय प्रचार करण्याच्या हक्कासाठी विद्यार्थ्यांनी ‘फ्री स्पीच मूव्हमेंट’ उभारली आणि डिसेंबरात स्प्राउल हॉलमध्ये ठिय्या दिला. सुमारे ८०० जणांना अटक झाली. या ‘बर्कलीतल्या गोंधळा’वर तोफ डागत रोनाल्ड रेगन १९६६ मध्ये गव्हर्नरपदी निवडून आले. जानेवारी १९६७ मध्ये केर यांची उचलबांगडी झाली. विद्यापीठाच्या खर्चाला कात्री लावा, विद्यार्थ्यांकडून शुल्क घ्या, हा रेगन यांचा आग्रह. करदात्यांनी बौद्धिक कुतूहलाचा खर्च का सोसावा, अशा आशयाचे त्यांचे एक विधान तेव्हा फार गाजले. १९७० पासून ‘शैक्षणिक शुल्क’ आले: वर्षाला १५० डॉलर. मग जून १९७८ मध्ये ‘प्रपोझिशन १३’ या नावाने मालमत्ता करावर लोकांनीच मतदानाने मर्यादा घातली, आणि कर वाढवायचा तर विधिमंडळात दोन-तृतीयांश मते हवीत अशी मेखही मारून ठेवली. तेव्हापासून दर मंदीत राज्याने हात आखडता घ्यायचा आणि विद्यापीठाने विद्यार्थ्यांपुढे हात पसरायचा, हे ठरूनच गेले.

दानशूरांची उणीव मात्र बर्कलीला कधी भासली नाही. मुख्य ग्रंथालयाची १९११ मध्ये उघडलेली डो लायब्ररी ही इमारत चार्ल्स फ्रँकलिन डो या गृहस्थाने मृत्युपत्राने ठेवलेल्या पैशांतून उभी राहिली. ग्रंथालयातच पूर्वी नोकरी केलेल्या स्टीव्हन सिल्बरस्टीन या उद्योजकाने १९९८ मध्ये ३५ लाख डॉलर दिले. त्यातून मॉफिट ग्रंथालयात ‘फ्री स्पीच मूव्हमेंट कॅफे’ निघाला. भिंतींवर १९६४ च्या ठिय्याची छायाचित्रे आणि टेबलांवर कॉफी. बंडखोरीचे स्मारक करण्यात विद्यापीठे मोठी तरबेज असतात. मुद्दा असा, की देणगीतून इमारत होते, कॅफे होतो; पण शनिवारी टेबलापाशी बसणाऱ्या पोराचा पगार दरवर्षी द्यावा लागतो, आणि त्यावर कोणाच्या नावाची पाटी लावता येत नाही.

तर पुन्हा २००९ कडे. २४ सप्टेंबरला विद्यापीठाच्या दहाही आवारांत प्राध्यापक, विद्यार्थी आणि कर्मचारी वर्गाबाहेर पडले. एकट्या बर्कलीत स्प्राउल प्लाझावर पाचेक हजारांची गर्दी लोटली. सक्तीच्या रजेवरचे प्राध्यापक, कपातीत गेलेले सफाई कामगार आणि शुल्कवाढीच्या भीतीतले विद्यार्थी एका व्यासपीठावर आले, हे त्या दिवसाचे विशेष. एरवी या तिघांचे पटतेच असे नाही. दोनच आठवड्यांनी मानवशास्त्राच्या ग्रंथालयातली ती रात्र आली.

या ठिय्याचा परिणाम झाला आणि चटकन झाला. चान्सलर रॉबर्ट बर्गिनो यांनी ग्रंथालयांच्या वेळा पूर्ववत करण्याची घोषणा केली. पैसे आले ते विद्यार्थ्यांच्या पालकांनी दिलेल्या देणग्यांतून. आंदोलकांना आनंद झाला, आणि व्हायलाच हवा होता. पण ज्या पालकांनी कर भरला, त्याशिवाय मुलांचे शुल्क भरले, त्यांनीच तिसऱ्यांदा खिशात हात घालावा तेव्हा शनिवारी दार उघडावे, हा कुठला न्याय? ग्रंथालय उघडे ठेवणे हे राज्याचे कर्तव्य होते. ते आता कोणाच्या तरी कनवाळूपणावर चालू लागले. बर्कलीतल्या पुढच्या सगळ्या झगड्यांवर या पहिल्या विजयाची सावली आहे.

नोव्हेंबरात प्रकरण तापले. विद्यापीठाच्या रीजंट मंडळाने लॉस एंजेलिसच्या बैठकीत १९ तारखेला ३२ टक्के शुल्कवाढ मंजूर केली. १५० डॉलरपासून निघालेली गाडी आता वर्षाला दहा हजारांच्या पुढे गेली. दुसऱ्याच दिवशी पहाटे बर्कलीत चाळीसेक विद्यार्थ्यांनी व्हीलर हॉलचा दुसरा मजला आतून बंद करून घेतला. ३८ सफाई कामगारांना कामावर परत घ्या, ही त्यांची एक मुख्य मागणी होती. बाहेर हजारोंचा जमाव आणि पोलिसांच्या काठ्या. डिसेंबरात, परीक्षेपूर्वीच्या अभ्यासाच्या आठवड्यात, विद्यार्थ्यांनी तोच व्हीलर हॉल पुन्हा ताब्यात घेतला. या वेळी दारे सगळ्यांना उघडी होती. व्याख्याने, अभ्यास, सिनेमा, साफसफाई, सगळे चालू. शेवटच्या पहाटे पोलीस आले आणि झोपेतून उठवून ६६ जणांना धरून घेऊन गेले. ऑक्टोबरात वाचणाऱ्यांना हात न लावणारे प्रशासन दोन महिन्यांत बरेच बदलले होते.

या आंदोलनांचा उपयोग झाला नाही असे म्हणता येत नाही. जानेवारी २०१० च्या भाषणात श्वार्झनेगर यांनी हिशेब मांडला: तीस वर्षांपूर्वी राज्याच्या सर्वसाधारण निधीतला दहा टक्के वाटा उच्च शिक्षणाला जाई आणि तीन टक्के तुरुंगांना. आता तुरुंगांना सुमारे अकरा टक्के आणि उच्च शिक्षणाला साडेसात. हे उलटे व्हायला हवे, असे त्यांनी सुचवले. विद्यापीठांतल्या निदर्शनांमुळेच हा विषय पुढे आला, अशी कबुली त्यांच्या कार्यालयाच्या प्रमुखांनी दिली. थोडे पैसे परतही आले. पण २०११ मध्ये नवे गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या काळात त्याहून मोठी कपात झाली, आणि त्या वर्षी विद्यापीठाच्या इतिहासात प्रथमच राज्याच्या अनुदानापेक्षा विद्यार्थ्यांच्या शुल्काची रक्कम मोठी झाली.

याच काळात बर्कलीच्या टेकडीपायथ्याशी क्रेन उभ्या होत्या. फुटबॉलचे मेमोरियल स्टेडियम भूकंपाच्या हेवर्ड भेगेवर बसलेले असल्याने दुरुस्ती गरजेची होती, हे खरे. तो खर्च ३२ कोटी डॉलरच्या घरात गेला आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते विद्यापीठ पुढे वर्षानुवर्षे फेडत राहिले. प्रशासनाचे म्हणणे, ही खाती वेगळी. बांधकामाचे पैसे ग्रंथालयाला वळवता येत नाहीत. हिशेबाच्या वहीत हे बरोबर असेल. शनिवारी कुलूपबंद दारापुढे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला ते पटवून देणे अवघड.

नोव्हेंबर २०११ मध्ये ‘ऑक्युपाय’ आंदोलनाची लाट बर्कलीला पोचली. ९ तारखेला स्प्राउलपुढे तंबू ठोकणाऱ्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी दंडुके चालवले. अमेरिकेचे माजी राष्ट्रीय कवी रॉबर्ट हास तिथे शिकवत. काय चालले आहे ते पाहायला पत्नी ब्रेंडा हिलमन यांच्यासह गेले आणि सत्तरीतल्या या माणसाला बरगड्यांवर मार बसला. त्यांनी त्यावर ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिले आणि देशभर चर्चा झाली. अशा वातावरणात जानेवारी २०१२ मध्ये मानवशास्त्राच्या ग्रंथालयाच्या वेळा पुन्हा घटल्या. १९ तारखेला विद्यार्थी पुन्हा आत जाऊन बसले. वेळा पूर्ववत करायला प्रशासनाने मान्यता दिल्यावरच, दोन-तीन रात्रींनी, ते उठले. तंबूंवर दंडुके आणि वाचकांपुढे माघार, असा या प्रशासनाचा शिरस्ताच पडला होता.

मानवशास्त्राच्याच ग्रंथालयात हे वारंवार का? एक तर हा विभाग जुना, आल्फ्रेड क्रोबर यांनी १९०१ मध्ये उभारलेला. दुसरे, या विषयाची पुस्तके विचित्र असतात. कुठल्याशा जमातीची भाषा, कुठल्याशा खोऱ्यातली नातेव्यवस्था. वीस वर्षे कोणी हात लावत नाही आणि मग एके दिवशी एखाद्याचा सगळा प्रबंध त्यावर उभा राहतो. आपल्याकडचेच उदाहरण द्यायचे तर मरे एमेनो यांचे. हा भाषाशास्त्रज्ञ १९३५ ते १९३८ भारतात हिंडला, निलगिरीतल्या तोडा-कोटांपासून वर्ध्याकडच्या कोलामांपर्यंत पोचला आणि पुढे अनेक वर्षे बर्कलीत शिकवत राहिला. कोलामीवरचे त्यांचे पुस्तक १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठानेच छापले. विदर्भातल्या एका लहानशा समाजाच्या बोलीचा पायाभूत अभ्यास प्रशांत महासागराच्या काठी छापला गेला. अशा पुस्तकाची ‘मागणी’ किती, असा प्रश्न ताळेबंदवाल्याने विचारला तर उत्तर शून्याच्या आसपास येणार.

मराठी पुस्तकेही एका वेगळ्याच वाटेने तिथे पोचली. ‘पीएल-४८०’ या अमेरिकी कायद्याखाली आलेल्या गव्हाचे पैसे भारत रुपयांत चुकते करी. १९६२ पासून त्या रुपयांतला काही भाग भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांना पाठवण्यावर खर्च होऊ लागला. बर्कली त्या योजनेत पहिल्यापासून. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांची कित्येक पुस्तके गव्हाच्या उधारीवर समुद्रापार गेली आहेत, आणि इथे मिळेनाशी झाल्यावरही तिथे यादीत सापडतात.

क्रोबर या नावाचेही पुढे काही झाले. १९११ मध्ये ओरोव्हिलजवळ रानातून एकटा बाहेर आलेला, ‘याही’ नावाच्या जमातीचा ‘इशी’ पुढची साडेचार वर्षे, मृत्यूपर्यंत, विद्यापीठाच्या मानवशास्त्र संग्रहालयात राहिला. त्याला जणू एक जिवंत वस्तू करून ठेवले, आणि मूळ रहिवाशांचे सांगाडे दफनभूमींतून उचलून आणले गेले, यावरून क्रोबर यांच्यावर टीका होत होती. जानेवारी २०२१ मध्ये विद्यापीठाने इमारतीवरचे क्रोबर यांचे नाव उतरवले. या निर्णयावर दोन मते असू शकतात. पण ज्या विभागाने आपल्या जुन्या पापांचा हिशेब मांडायला घेतला, त्याच विभागाच्या नोंदी आणि पुस्तके जवळ असलेली खोली दोन वर्षांनी विद्यापीठाला नकोशी व्हावी, हे चमत्कारिक खरेच.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ग्रंथालय प्रशासनाने जागांचा दीर्घकालीन आराखडा जाहीर केला. त्यात मानवशास्त्र, गणित-संख्याशास्त्र आणि भौतिकशास्त्र-खगोलशास्त्र ही तीन ग्रंथालये बंद करायची होती. कारण नेहमीचेच: पैसे नाहीत, माणसे नाहीत. पुस्तके फेकली जाणार नव्हती. काही मुख्य ग्रंथालयाच्या तळघरात, बाकीची रिचमंडच्या साठवण केंद्रात. हे केंद्र १९८० च्या दशकात उभे राहिले. इंटरनेटवरून मागणी नोंदवली की पुस्तक गाडीतून आवारात येते. व्यवस्था उत्तम आहे, पण तिथे पुस्तके लावतात ती आकारानुसार, कमी जागेत जास्त मावावीत म्हणून. एमेनोंच्या पुस्तकाशेजारी गोंडीचे व्याकरण असेलच असे नाही. तेवढ्याच उंचीचे पोलादाच्या निर्यातीवरचे पुस्तकही असेल. काय हवे ते ज्याला नक्की ठाऊक आहे त्याची सोय झाली. काय शोधायचे आहे हे ज्याला अजून कळलेले नाही, म्हणजे बहुतेक विद्यार्थी, त्याची पंचाईत.

२१ एप्रिल २०२३ ला, पुन्हा शुक्रवारीच, विद्यार्थी ग्रंथालयात मुक्कामाला आले. २००९ ची गोष्ट त्यांतल्या अनेकांनी ऐकलेली होती. त्या वेळी ते प्राथमिक शाळेत असतील. या खेपेला चोवीस तासांत भागले नाही. दिवसा ग्रंथालय चालू राही, रात्री शेल्फांच्या मधल्या वाटांत अंथरुणे पडत. मे महिन्यातल्या परीक्षा तिथूनच झाल्या, पदवीदानाचा समारंभ होऊन गेला, उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि आवार ओस पडले, तरी मुक्काम हलला नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांत मानवशास्त्राची अशी स्वतंत्र ग्रंथालये जेमतेम तीन उरली आहेत आणि हे त्यांपैकी एक, असे आंदोलक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. सार्वजनिक विद्यापीठाच्या मालकीचे त्यांत हे एकटेच होते. बाकी दोन हार्वर्ड आणि पेनसिल्व्हेनिया या गर्भश्रीमंत खासगी विद्यापीठांकडे.

जुलैत तडजोड झाली आणि जवळपास तीन महिन्यांचा मुक्काम उठला. ती जागा वाचनकक्ष म्हणून राहील, निवडक पुस्तके तिथेच ठेवली जातील, असे ठरले. ग्रंथपाल असलेले पूर्ण ग्रंथालय मात्र राहणार नव्हते. चौदा वर्षांपूर्वी एका रात्रीत सगळ्या ग्रंथालयांच्या वेळा परत मिळाल्या होत्या. २०१२ मध्ये दोन-तीन रात्रींत एका ग्रंथालयाच्या. आता तीन महिन्यांत एक खोली आणि थोडी पुस्तके. यादीतल्या बाकीच्या दोन ग्रंथालयांचा या तडजोडीत समावेश नव्हता.